छताचा कठडा : श्वसनाचे आजार, लसी आणि आपली जबाबदारी

शास्त्रवाचन : अनुवाद २२:८, मत्तय ४:५-७, मार्क २:१-१२



उन्हाळा संपत आला की पावसाळ्यातील पाडाभेटींची तयारी सुरू होते. ताडपत्र्या, वह्या, चादरी, लहान मुलांचे कपडे यांची यादी निघते. मंडळ्यांमधून नावे येतात. गाडीत कोण बसणार ते ठरते. या वर्षी त्या यादीच्या अगदी वर मी एक प्रश्न लिहिला आहे : येणाऱ्याने लस घेतली आहे का? हा प्रश्न तिथे का आला, हे सांगण्यासाठी मला माझी एक चूक आपल्यासमोर कबूल केली पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्ही सहा जण मोखाडा भागातील एका पाड्यावर गेलो होतो. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून माझा घसा दुखत होता, नाक वाहत होते. ठरलेला कार्यक्रम मोडायला नको, म्हणून मी गोळी घेतली आणि गेले. पाऊस जोराचा होता. सगळे एका घराच्या पडवीत दाटीने बसलो. एका आईने तिचे पाच आठवड्यांचे बाळ प्रार्थनेसाठी माझ्या हातांत दिले. मी त्याला छातीशी धरले, प्रार्थना केली, त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

पाचव्या दिवशी आशाताईचा फोन आला. बाळ दूध ओढत नव्हते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत जात होता. ग्रामीण रुग्णालयातून त्याला नाशिकला हलवले. नऊ दिवस ते ऑक्सिजनवर होते. देवाच्या दयेने बाळ वाचले; आज ते अंगणात कोंबड्यांमागे धावते. पण त्या नऊ दिवसांत तिथल्या डॉक्टरांनी सहज बोललेले वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. ते म्हणाले, "मोठ्या माणसाची सर्दी ही तान्ह्या बाळाची न्यूमोनिया असू शकते, ताई."

तो आजार माझ्यामुळेच झाला की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. तशी तपासणी झाली नाही. पण मी आजारी असताना तिथे गेले आणि बाळाला जवळ घेतले, एवढे मला ठाऊक आहे.

त्याच वर्षी दुसऱ्या एका पाड्यावर आम्ही लसीकरणाविषयी बोलत होतो. एक वारली आजी शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "ताई, आम्हाला घ्या म्हणतेस. तू घेतलीस का?" मी कोविडची लस घेतली होती, ते सांगितले. तिने लगेच विचारले, "आणि पावसाच्या तापाची?" ती मी कधीच घेतली नव्हती. दरवर्षी मी इतरांसाठी पत्रके छापून घेत होते.

या दोन प्रसंगांनी मला पुन्हा शास्त्राकडे आणि त्यानंतर डॉक्टरांकडे नेले. जे शिकले ते या पाठात मांडते.

१. कठडा कुणासाठी?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांना घरबांधणीविषयी एक साधा नियम दिला आहे. नवे घर बांधशील तर छताला कठडा कर. नाहीतर तिथून कुणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या काळी छत सपाट असे. लोक तिथे बसत, झोपत, धान्य वाळवत. घराच्या मालकाला आपल्या छताची कड पाठ असते. कठडा लागतो तो पाहुण्याला, लेकराला, अंधारात वर आलेल्या म्हाताऱ्याला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, कुणी पडण्याआधीच कठडा बांधायचा आहे. दुसरी, पाडण्याचा हेतू नव्हता म्हणून मालक सुटत नाही. माहीत असून काळजी न घेणे हाही दोषच आहे.

लसीकडे मी आता असे पाहते. ती माझ्या स्वतःच्या शरीरासाठी आहेच, पण माझ्या छतावर येणाऱ्या दुबळ्यासाठीही आहे. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याचा कठडा त्याच्या आईने आणि त्याला भेटायला येणाऱ्यांनी बांधायचा असतो.

२. विश्वास आणि परीक्षा

मंडळीत कधीकधी विचारले जाते, "आपला भरवसा प्रभूवर आहे, मग लस कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वचनाचा आधारसुद्धा देतो. प्रभू उडी टाकत नाही. पित्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता, तरीही पित्याची परीक्षा पाहण्यास त्याने नकार दिला. भरवसा आणि धाडस यांतला फरक तिथे स्पष्ट दिसतो.

हिज्कीया राजा मरणाच्या दारात असताना देवाने त्याची प्रार्थना ऐकली आणि यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. प्रार्थना आणि औषध एकाच खोलीत होते. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक वैद्य होता. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील चौघे मित्रही आठवा. पक्षाघाती माणसाला बरे करणे त्यांच्या हातात नव्हते. पण खाट उचलणे, छत उघडणे आणि त्याला येशूपुढे सोडणे त्यांच्या हातात होते. तेवढे त्यांनी केले.

३. कोणती लस, कुणाला, केव्हा?

आता प्रत्यक्ष माहिती. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. पण काय विचारायचे हे ठाऊक असले तर बोलणे सोपे जाते.

(अ) पाड्यावरील मुलांसाठी सर्वांत आधी गोवर

श्वसनाचे आजार म्हटले की आपल्याला कोविड आठवतो. पाड्यावर मात्र पहिला क्रमांक गोवराचा आहे. गोवराचा विषाणू श्वासावाटे पसरतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी सुमारे दोन तास तो तिथल्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या दहा जणांचा रोग्याशी जवळून संबंध आला तर त्यांतील नऊ जणांना लागण होऊ शकते. कुपोषित मुलाला त्यातून न्यूमोनिया, जुलाब, अंधत्व येऊ शकते. शिवाय गोवर होऊन गेल्यावर मुलाची इतर आजारांशी लढण्याची ताकद बरेच महिने घटलेली राहते. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली होती, हे आपल्याला आठवत असेल. भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आपल्याच पाड्यांतील कुटुंबे राबतात.

गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. राहून गेला असेल तर ५ वर्षांपर्यंत देता येतो.

याच्याच जोडीला दोन लसी आहेत. त्या विषाणूंच्या नाहीत, जिवाणूंच्या आहेत. तरी त्यांचा उल्लेख इथेच हवा. कारण विषाणूने फुफ्फुसे दुबळी केली की त्यामागून जिवाणू शिरतात. पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते. तिच्यात डांग्या खोकला, घटसर्प आणि न्यूमोनिया करणारा एक जिवाणू यांच्यापासून संरक्षण आहे. न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही लस ६ आणि १४ आठवड्यांना व पुढे ९ महिन्यांना असते. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात आहे. या सर्व लसी उपकेंद्रात आणि अंगणवाडीतील लसीकरण सत्रात मोफत आहेत.

मग डोस राहतात कशाने? बहुतेक वेळा स्थलांतराने. दिवाळी झाली की कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाच महिन्यांचे बाळ जाते आणि वर्षाचे होऊन येते. मधला ९ महिन्यांचा डोस भट्टीवरच राहतो. म्हणून आमच्या कामात 'केव्हा' याचे उत्तर दोन वेळांचे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाण्यापूर्वी प्रत्येक बाळाचे लसीकरण कार्ड पाहायचे, ज्या डोसची वेळ झाली आहे तो द्यायला लावायचा आणि पुढच्या डोसची तारीख आईला सांगायची. जूनमध्ये परतल्यावर पुन्हा कार्ड पाहायचे. भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही तो डोस मोफत मिळतो. उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत. राहिले तिथून पुढे सुरू करता येते. कार्ड पावसात भिजू नये म्हणून आम्ही ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो. दोन रुपयांची ती पिशवी मला आमच्या सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकी एक वाटते.

(आ) फ्लू : दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी

इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू. २००९ साली त्याचाच एक नवा प्रकार 'स्वाइन फ्लू' म्हणून आला आणि देशातील त्याचा पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. आपल्यातील पुण्याच्या वाचकांना ते बंद शाळांचे दिवस आठवत असतील.

हा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. गेल्या वर्षीची लस या वर्षी पुरत नाही, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे लसीने आलेली शक्ती काही महिन्यांनी ओसरते. आधी चार प्रकारांची लस अनेक ठिकाणी असे. त्यांतील एक प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही, म्हणून आता तीन प्रकारांच्या लसीकडे वळण्याची शिफारस आहे. तेव्हा 'तीनची' लस मिळाली तर कमी प्रतीची मिळाली असे समजू नये.

थंड देशांत ही लस ऑक्टोबरच्या सुमारास घेतात. परदेशातील नातेवाईक तसे सांगतात आणि आपण गोंधळतो. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो. काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्येही डोके वर काढतो. लस घेतल्यावर शक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा आपला योग्य काळ. राहून गेली तर जूनमध्ये घ्या, जुलैमध्येही घ्या. उशिरा बांधलेला कठडाही उपयोगाचाच असतो. घेताना मात्र 'या हंगामाची ताजी लस आहे ना' एवढे विचारावे.

आधी कुणी घ्यावी? गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ मंडळी, दमा, मधुमेह, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले, रुग्णसेवेतील लोक आणि लहान मुले. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना ६ महिने ते ५ वर्षांच्या सर्व मुलांना दरवर्षी ही लस सुचवते. ९ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. गरोदर आईने घेतलेली लस बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने सांभाळते, म्हणून ती एका सुईत दोन जिवांची लस आहे. आपल्या राज्यात गरोदर माता व जोखमीच्या रुग्णांना सरकारी रुग्णालयांत ती मोफत देण्याची योजना आहे. साठा आहे का ते आधी विचारून जावे. इतरांना खाजगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात.

या लसीकडून किती अपेक्षा ठेवावी? लस चांगली जुळली त्या वर्षी ती डॉक्टरकडे जायला लावणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्के टाळते आणि गंभीर आजाराचा धोका कमी करते. ती साध्या सर्दीवर नाही. "लस घेतली तरी सर्दी झाली" असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याची सर्दी दुसऱ्या विषाणूची असू शकते. टोचून देण्याच्या लसीतील विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही. एखादा दिवस हात दुखणे, अंग कसकसणे होऊ शकते.

(इ) कोविड

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आजार मात्र संपलेला नाही. आता प्रत्येकाने पुन्हापुन्हा डोस घ्यावा अशी शिफारस नाही. वयोवृद्ध, एकाहून अधिक जुने आजार असलेले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने फार घटली आहे, त्यांनी शेवटच्या डोसला किती दिवस झाले ते सांगून डॉक्टरांना विचारावे. निरोगी तरुणांनी आणि मुलांनी त्याची चिंता करण्यापेक्षा वर सांगितलेल्या लसी पूर्ण कराव्यात.

(ई) आरएसव्ही

हे नाव अनेकांना नवे असेल. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू एकदा तरी गाठतो. मोठ्यांना त्याने सर्दी होते. सहा महिन्यांखालील बाळाच्या बारीक श्वासनलिका मात्र तो चोंदून टाकतो. त्या पाच आठवड्यांच्या बाळाविषयी डॉक्टरांचा संशय याच्यावरच होता.

२०२३ पासून काही देशांत यावर तीन साधने वापरात आली : ज्येष्ठांसाठी लस, गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला द्यायची लस आणि नवजात बाळाला द्यायचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळांच्या रक्षणासाठी यांतील शेवटच्या दोहोंपैकी एक सर्व देशांनी वापरावे अशी शिफारस केली. आपल्या मोफत लसीकरणात ती अजून नाहीत. शहरातील ज्या घरात बाळ येणार आहे किंवा हृदय-फुफ्फुसाचा विकार असलेले ज्येष्ठ आहेत, त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. पाड्यावरील बाळासाठी आज आईचे दूध, चुलीच्या धुरापासून अंतर आणि खोकणाऱ्या माणसापासून अंतर हाच कठडा आहे.

लस कोणतीही असो, आधीच्या डोसनंतर जोराची ॲलर्जी झाली असेल तर ते अवश्य सांगावे. ताप असेल तर थांबावे की घ्यावे ते तिथेच विचारावे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. फ्लू आणि कोविडच्या लसी एकाच दिवशी घेता येतात.

४. लसीपलीकडे

मी सगळ्या लसी घेतल्या असत्या तरी त्या ऑगस्टमध्ये माझे पाड्यावर जाणे चूकच ठरले असते. लस घेतल्याने आजारी असताना घरी राहण्याचे कर्तव्य संपत नाही. हे मला कुणी शिकवले? पाड्यावरच्या बायांनी. तिथे एखाद्या घरात गोवर आला की शेजारीण आपल्या तान्ह्या लेकराला घेऊन त्या घराची पायरी चढत नाही. भाकरी असेल तर बाहेरूनच ठेवून जाते. प्रेम आणि अंतर दोन्ही एकाच वेळी पाळता येतात, हे तिने कोणत्याही पुस्तकाशिवाय ओळखले आहे. आम्ही तिला शिकवायला जातो आणि खोकत तिच्या पडवीत बसतो.

म्हणून या वर्षीपासून भेटीचे चार नियम केले आहेत. येणाऱ्याने शक्य असल्यास निघण्याच्या दोन आठवडे आधी फ्लूची लस घेतलेली असावी. सर्दी, खोकला, ताप असेल त्याने न येता आपली भेटवस्तू दुसऱ्याबरोबर पाठवावी. बंद घरात आणि बाळाजवळ मास्क लावावा, हात धुवावेत. आणि तीन महिन्यांखालील बाळासाठी प्रार्थना करताना त्याला आईच्या मांडीवरच राहू द्यावे. प्रभूचा आशीर्वाद आपल्या हातांच्या स्पर्शावर अवलंबून नाही.

मागच्या मे महिन्यात मी फ्लूची लस घेतली. पुढच्या भेटीत त्या आजीला दंडावरची जागा दाखवली. तिने बोट लावून पाहिले आणि हसून म्हणाली, "आता बोल." मग तिने आपल्या नातसुनेला हाक मारली आणि घरातून प्लास्टिकच्या पिशवीतले कार्ड आणायला सांगितले.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घराच्या 'छतावर' कोण दुबळे येते? त्यांच्यासाठी आपण कोणता कठडा बांधला आहे?
२. देवावर भरवसा ठेवणे आणि देवाची परीक्षा पाहणे यांतील फरक आपल्या अनुभवातून सांगा.
३. आजारी असतानाही उपासनेला किंवा सेवेला आलेच पाहिजे, असा दबाव आपण एकमेकांवर आणतो का?
४. आपल्या मंडळीतील गरोदर भगिनी व ज्येष्ठ यांच्यापैकी किती जणांनी या वर्षी डॉक्टरांना फ्लूच्या लसीविषयी विचारले आहे?

प्रार्थनेचे विषय

• पाड्यांवर पायी जाणाऱ्या आशाताई व नर्सताई यांना या पावसाळ्यात देवाने सुखरूप ठेवावे.
• वीटभट्ट्यांवरून परतणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे राहिलेले डोस पूर्ण व्हावेत.
• जी बाळे आज श्वासासाठी झगडत आहेत ती, त्यांच्या आया आणि त्यांचे डॉक्टर यांच्यासाठी.
• आपण देण्यासाठी जातो तेव्हा दुखणे देऊन येऊ नये, एवढी नम्रता आणि काळजी आपल्याला मिळावी. आमेन.